सात पूर्वजांचा कुरूत

प्रश्न १. सकाळी सात वाजता सांस्कृतिक भवनाच्या पायऱ्यांवर दोनशे माणसं का जमली होती?
अ) लग्न होतं. ब) मयत होतं. क) विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय चाचणीला नऊ दिवस उरले होते.

क. पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. वर मायरम-एमची उभी. एमची म्हणजे झाडफूक करणारी. पण ही ताप उतरवायची नाही, गुण वाढवायची.

"सात पिढ्यांची नावं पाठ आहेत ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"आहेत!" जमाव गरजला. नसतील असा किरगीझ कोण?

"मग त्या सात पूर्वजांची बुद्धी पोरांच्या रक्तात झोपलीय. मी जागी करते. सात पहाटे, सात कुरूत. आईच्याच हातून, उपाशीपोटी. झोप उडेल, पूर्वज जागे झालेत. छाती धडधडेल, त्यांचे घोडे दौडतायत. हात कापेल, तेच लेखणी धरतायत. आणि डॉक्टरकडे नेलंत, तर आल्या पावली परत जातील."

खुणा आधीच सांगून ठेवल्या होत्या. गर्दीतल्या झूराकानला तेव्हा ते कळलं नाही. तिला एवढंच माहीत होतं, की आपल्या मुलीला, एलनुराला, डॉक्टर व्हायचंय आणि गुण थोडेसेच कमी पडतायत. तिनं सात कुरूत, वाळवलेल्या दह्याचे ते टणक गोळे, रुमालात बांधून घेतले.

प्रश्न २. पहिल्या तीन दिवसांत काय चमत्कार झाला?

एलनुरा झोपलीच नाही. गणिताची वही पहिल्या पानापासून पुन्हा सोडवली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "झूराकान, तुझ्या घरात पूर्वज नाहीत, वीजघर शिरलंय!" झूराकान हसली.

चौथ्या दिवशी एलनुराच्या हातातून चहाचा प्याला निसटला.

"आपा, छातीत काहीतरी पळतंय," ती आईला म्हणाली.

"घोडे गं, पोरी. अजून तीनच दिवस."

मुलगी आईकडे बघत राहिली. डोळे उघडे होते, पण नजर भलत्याच ठिकाणी होती.

पाचव्या दिवशी शेजारच्या वर्गातली नुरिला सराव परीक्षेत बाकावरून खाली कोसळली. पायऱ्यांवर लोक म्हणाले, "शक्ती पेलली नाही तिला." कुणी विचारलं नाही, कसली शक्ती.

प्रश्न ३. (पर्याय खोडलेले.)

त्याच संध्याकाळी रसायनशास्त्राचे सादिर अगाय, म्हणजे सादिर गुरुजी, एलनुराची सराव परीक्षेतली उत्तरपत्रिका घेऊन घरी आले.

"झूराकान एजे," ते ताई म्हणावं तसं म्हणाले, "हे बघा. बाराव्या प्रश्नापासून प्रत्येक उत्तर एक ओळ खाली. सगळी बरोबर, सगळी चुकीच्या गोलात. ही पोरगी असं करणारी नाही. काय देताय तिला?"

"काही नाही, अगाय. कुरूत."

"कुणाचा?"

झूराकान रुमाल घेऊन आली. मग उरलेले दोन तिनं रुमालातून काढले. एक तळव्यावर घेऊन फिरवला. वीस उन्हाळे तिनं कुरणावर घट्ट दही मुठीत दाबून असे गोळे वाळवले होते. पाच दिवस हे मुलीला भरवताना तिनं देवाचं नाव घेतलं होतं; गोळा मात्र एकदाही निरखला नव्हता.

"अगाय, हा दोनदा वळलाय."

"म्हणजे?"

"एका मुठीत होतो कुरूत. याला मध्ये शिवण आहे. आत काहीतरी ठेवून वरून लिंपलंय."

तिनं हातोडी आणली. एका घावात गोळा फुटला. पांढऱ्या दह्याच्या पोटात हरभऱ्याएवढी पिवळट भुकटी होती. तिनं जिभेला लावली.

"कडू," ती म्हणाली. "कुरूत खारट असतो. आंबट असतो. कडू कधीच नसतो."

शेजारच्या खोलीत एलनुरा भिंतीशी बोलत होती.

दवाखान्यात नाडी मोजली: एकशे छप्पन्न. डॉक्टरीणबाईंनी भुकटी हुंगली, तपासली आणि दार लोटून घेतलं. "झोप मारणाऱ्या गोळ्या. कुटून ओल्या दह्यात पुरून वाळवल्यात. आणखी दोन पोटात गेले असते, तर मी काही सांगू शकले नसते."

प्रश्न ४. पूर्वज कोण होते?

दुसऱ्या सकाळी झूराकान पायऱ्या चढली. हातात हातोडी आणि शेवटचा कुरूत.

"श्रद्धा डळमळली का गं, बाई?" मायरम गोड हसली. "म्हणून पोरगी आजारी पडली."

"माझी श्रद्धा अगदी घट्ट आहे, एजे. हा घ्या. खा."

"मी? मला काय परीक्षा द्यायचीय?"

"एवढी बुद्धी फुकट मिळतेय. खा ना."

मायरमचा हात पुढे आला नाही. सगळा जमाव त्या हाताकडे बघत होता. झूराकाननं कुरूत पायरीवर ठेवला आणि फोडला. पिवळी भुकटी सगळ्यांनी पाहिली. मागून एक बाई किंचाळली, "माझ्या पोराचेही हात कापतायत!" आणि ती घराकडे धावत सुटली. मग दुसरी. मग पायऱ्याच रिकाम्या झाल्या.

दवाखान्यातून कळवल्यावर आलेल्या पोलिसांनी मायरमला नेलं. पण तिचं कुरुतांचं पोतं अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. बाकीचं कुणाकुणाच्या पोटात होतं, ते दवाखान्याच्या दारातली रांग सांगत होती.

एलनुरा पंधरा तास झोपली. चाचणी देता येईल का, हे डॉक्टरीणबाई अजून सांगत नाहीत. सादिर अगाय रोज संध्याकाळी तासभर येतात, जुन्या चुका समजावतात आणि नऊ वाजता वही मिटायला लावतात. यात पाहण्यासारखं काही नाही, म्हणून याला गर्दी होत नाही. पण शिकलेलं डोक्यात राहतं ते अशाच तासांनी, वेळेवर जेवणानं आणि झोपेनं. जो कुणी मुलाच्या थरथरीला शुभशकुन म्हणतो आणि डॉक्टरला टाळा म्हणतो, त्याच्या हातातली वस्तू आधी फोडून बघा.

प्रश्न ५. याला पर्याय नाहीत. तुमचं मूल काल किती तास झोपलं?