खिसे रिकामे करून या

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दांडीवाला. ठोकळा सरकवायचा, दांडी सरळ झाली की वजन कळतं. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, पोरं माझ्यावर चढायला भांडायची. आता रंग उडालाय, पाय गंजलेत. दवाखान्याच्या बोळात फरशी पुसायच्या बादलीशेजारी मला ठेवलंय. मध्ये बॅटरीचा नवा काटा आणला. तो सारखा बंद पडतो, मग परत मलाच ओढतात. थकलोय खरं तर.

इथे परमुलखातून नव्यानं आलेल्यांची मुलं येतात. काहींचं वजन उतरत जातं, काहींचं पुड्यांमधलं खाऊन भलतंच वाढतं. मी नुसता आकडा दाखवतो.

चिंगीचं सांगतो. नऊ वर्षांची. पहिल्यांदा सव्वीस किलो भरली. तीन महिन्यांनी चोवीस. नर्सबाई तिला म्हणाल्या, "वजन उतरलंय. दुपारी शाळेत जेवतेस का, आईला विचार."

आईला इथली भाषा येत नव्हती. चिंगीला शाळेत पटकन आली. मग काय, घरमालक असो, दवाखाना असो, सगळं बोलणं तिच्याच गळ्यात. ती आईकडे वळली. "आई, त्या म्हणतायत सगळं छान आहे. उंच होतेय ना, म्हणून बारीक दिसते."

"म्हटलं नव्हतं?" आई खूश. "डबा कसा रिकामा येतो रोज!"

चिंगीनं नर्सबाईंना सांगितलं, "आई म्हणते, मी खूप जेवते."

मला दोन्ही भाषा कळतात हो. तीस वर्षं ऐकतोय. पण तोंड कुठाय मला?

पुढच्या खेपेला चिंगी जाड कोट घालूनच चढली. नर्सबाई म्हणाल्या, "कोट काढ." तर म्हणे थंडी वाजते. मागे रांग होती, नर्सबाईंनी सोडून दिलं. सव्वीस! त्या लिहून घेणार, तेवढ्यात आई कोट नीट करायला वाकली.

आई कामाला होती लॉन्ड्रीत. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक कपड्याचा खिसा चाचपायचा, हे दिवसभराचं काम. हात आपसूकच खिशात गेला. दगड निघाला. मग दुसरा. बाकावर ढीगच झाला, आणि माझी दांडी खट्कन खाली पडली.

"हे काय गं?"

"खेळायचे आहेत."

"एवढे? दुकान टाकतेस का दगडांचं?" आई हसली. मग पहिल्यांदाच तिचं लक्ष दांडीकडे गेलं. कपड्यांची गाठोडी ती रोज तोलायची, आकडा वाचायला तिला कुणी लागत नव्हतं. तिनं कोट उतरवला आणि स्वतःच ठोकळा सरकवला. तेवीस.

"तू तर म्हणालीस, छान आहे."

चिंगी माझ्यावरच उभी होती. "डबा मी टाकून देते. झाकण उघडलं की सगळे नाक धरतात."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"तू चारला उठतेस त्याच्यासाठी."

आई माझ्या पायाशी बसली. नर्सबाईंना एकही शब्द कळला नाही, पण दगड दिसले. औषधं देणारे काका दोन्ही भाषा जाणायचे, त्यांना नर्सबाईंनी हाक मारली. चिंगीला म्हणाल्या, "तू बस बाई. आज तुला सुट्टी."

शाळेला चिठ्ठी गेली. आता चिंगी शाळेतल्या बाईंच्या टेबलाशी बसून जेवते. डबा पुरता संपतोच असं नाही. मागच्या आठवड्यात साडेतेवीस भरली. कोट न घालता. अर्धाच किलो, पण आईनं ठोकळा दोनदा सरकवून बघितला.

मित्रांनो, माझा गंज पुसला नाहीत तरी चालेल, मी आज ना उद्या भंगारात जाणारच. मोठ्यांना एवढंच सांगा, दवाखान्यात आम्हा मुलांकडून निरोप देऊ-घेऊ नका. आणि तुम्ही माझ्यावर चढाल ना, तेव्हा खिसे रिकामे करून या. तुम्ही जेवढे आहात तेवढेच मला दाखवू द्या.