ऑप्शनला टाकलेला ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. लातूरला एका घराच्या अंगणात उभी असते. उभी असते हे आपलं म्हणायचं. चाकांना विटा लावलेल्या आहेत, तेव्हा खरं तर मला ठेवलेलं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग दुधी होता. अनंतराव त्या वेळी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांनी मला घरी आणलं, त्यांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि गल्लीतल्या पोरांनी काचेला नाकं लावून मला पाहिलं.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. भाकरी आणि पांघरुणं घेऊन मी किल्लारीकडे इतक्या खेपा केल्या, की वाटेवरचे लोक मला आवाजावरून ओळखू लागले. त्या दिवसांत छताखाली झोपायला कुणी धजत नव्हतं. त्यांच्या तान्ह्या लेकीला, मनस्विनीला, माझ्या मागच्या सीटवर झोपवत. जमीन अधूनमधून हलायची, मी स्प्रिंगांवर डोलायचे, आणि तिला तो पाळणा वाटायचा. तेवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

पुढे लातूर हलायचं थांबलं आणि अभ्यासाला लागलं. गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला येऊ लागली. अनंतरावांनी नोकरी सोडून क्लास काढला. माझा मेकॅनिक वीरभद्र यानं गॅरेज बंद करून तिथं खाटा टाकल्या. अनंतराव तक्रार करायला गेले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, एका गाडीच्या जागेत चार पोरं मावतेत. आन् पोरांना ग्रीस लागत न्हाई." क्लास चालवणारा माणूस तसाच परत फिरला. त्यांनी मला स्वतःच दुरुस्त करायचं ठरवलं.

निकडही होती. मनस्विनीची बारावी झाली होती आणि डॉक्टरकीच्या एका प्रवेश परीक्षेचं तिचं केंद्र नांदेडला आलं होतं. माझ्या मागच्या चाकातून ब्रेकचं तेल गळत होतं. सौदामिनीबाई एसटीनं जा म्हणत होत्या. पण मुलीला परीक्षेला आपल्याच गाडीतून सोडायचं, हे अनंतरावांनी ती त्या सीटवर झोपायची तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्यांनी दुरुस्तीचं पुस्तक आणलं आणि विद्यार्थ्यांना शिकवत तसंच अभ्यासलं. महत्त्वाचं तेवढ्याखाली लाल रेघ. लांबट आणि किचकट ते ऑप्शनला. चाक खोलणं जमलं, आतली रबरं बदलणंही जमलं. शेवटी नळीत शिरलेली हवा काढायचं प्रकरण होतं; ती राहिली, की पेडल नुसतं दबतं आणि ब्रेक लागत नाही. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडल मारायला आणि एक खाली चाकापाशी. "यावर प्रश्न येत नसतो," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. हँडब्रेकची तार कुठून काढली होती ते आठवेना, तेव्हा ती खुंटीला टांगली. लातूर तसं सपाटच आहे.

मित्रांनो, मला हॉर्न आहे, पण तो मला वाजवता येत नाही. मोटारीच्या जन्मातली ही फार मोठी अडचण आहे.

परीक्षेच्या सकाळी फाटकातून बाहेर काढताना अनंतराव खुशीत म्हणाले, "बघ, ब्रेक किती मऊ लागतोय." मनस्विनीनं नोट्समधून डोकं न काढता हुंकार दिला.

कोपऱ्यावर सकाळचा क्लास सुटला होता. सायकलींचा लोंढा रस्त्यावर आला. अनंतरावांनी पेडल दाबलं. ते तळाला टेकलं. पुन्हा दाबलं. मग हँडब्रेक ओढला, तर दांडा नुसताच वर आला. पोरं सायकलीवरसुद्धा सूत्रं पुटपुटत होती, त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. माझ्या पोटातली हवा मला बाहेर टाकता येत नव्हती. शेवटी अनंतरावांनी स्टिअरिंग गर्रकन फिरवलं, आणि कडेच्या दगडावरून उडून मी एका नव्या होस्टेलच्या बांधकामाच्या वाळूत नाक खुपसलं. कुणाला खरचटलं नाही. माझा ॲक्सल वाकला.

मनस्विनी एसटीनं गेली. ती केंद्रावर पोहोचली तेव्हा फाटक बंद झालं होतं.

 त्या आठवड्यात अनंतराव क्लासमध्ये कुणालाच कुठलाही धडा ऑप्शनला टाकू देईनात. मुलांना कारण कळलं नाही.

आता पुढच्या वर्षाची तयारी चालू आहे. घरातल्या खोल्या होस्टेलच्या मुलांना दिल्यामुळे शांत जागा उरली ती माझी मागची सीट. मनस्विनी तिथंच बसते. परवा अनंतराव पाना घेऊन आले आणि माझ्याखाली वाकले. तिनं काच खाली केली.

"बाबा, काय करायलात?"

"जरा बघतो. नुसती उभीच तर आहे."

"उभी आहे तेच बरं आहे. हात लावू नका."

त्यांनी पाना खिशात टाकला. मग चाकाखालची वीट पायानं घट्ट रेटली आणि आत गेले.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला शाळेत सांगतात. जरूर घ्या. पण घ्यायची तर शेवटच्या पानापर्यंत घ्या. तेवढं जमत नसेल, तर आम्हाला नुसतं उभं राहू द्या. आणि आत्ता माझ्याजवळून जाताना जरा हळू जा. मागच्या सीटवर मनस्विनी वाचतेय, आणि ती आता एकही पान सोडत नाही.