हुबारा आणि माळढोक

१९९८ च्या फेब्रुवारीत आखातातल्या अल ऐनजवळच्या एका खाजगी फार्मवर चोरून आणलेली बावीस खोकी उतरली. मालकाच्या ससाण्यांना शिकार शिकवायला जिवंत हुबारा पक्षी लागत. पुण्याहून आलेल्या पशुवैद्य डॉक्टर मृणालिनीने पहिलं खोकं उघडलं आणि नाकावर रुमाल दाबला. विष्ठेत लडबडलेले पक्षी एकमेकांवर चेंगरले होते. निम्मे मेलेले, उरलेल्यांच्या पापण्या दोऱ्याने शिवलेल्या.

पिंजरे धुणारा सोलापूरकडचा सुदेश एक पक्षी उचलून म्हणाला, "मॅडम, हा तर आमच्या माळढोकाचा धाकटा भाऊ."

"चुलत भाऊ म्हण. कुळ एकच, पण वंश वेगळा."

मॅनेजर सतीश मागेच उभा होता. "इंटरेस्टिंग! दोघांचं कम्पॅरिझन एका पानावर द्या. मालकांना दाखवतो."

निदान कुणी विचारलं तरी, असं तिला वाटलं. तिने मन लावून लिहिलं. हुबारा मध्य आशियातून हिवाळ्यात आखातात, राजस्थानातही उतरतो. माळढोक जवळजवळ भारतातच. हुबारा दोन-चार अंडी घालतो, माळढोक बहुधा एकच. हुबारा घटतोय तरी हजारोंनी आहे. माळढोक संकटग्रस्त, काहीशेच उरलेत. वाचणाऱ्याला लाज वाटावी म्हणून शेवटच्या शब्दांखाली तिने रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सतीश शवरमा चघळत आला. "मालक खूश! दुसऱ्या कुणाकडे नाही असा पक्षी हवाय त्यांना. सुदेश, पावसाळ्यात सुट्टीवर जातोस ना? तुमच्याकडच्या माळावरून माळढोकाची अंडी आण. इन्क्युबेटरचं मॅडम बघतील."

"साहेब, त्या माळावर माझा बाप राखणदार आहे."

"मग तर सोपंच झालं!" सतीशने बोटं चाटली.

  "मी हात लावणार नाही," मृणालिनी म्हणाली.

"नका लावू. दुसरा डॉक्टर मिळेल. तुमचं पान आहे माझ्याकडे."

सुदेशनेही नकार दिला. आठवड्यात त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. जाताना त्याने तिची चिठ्ठी बापासाठी नेली. तीत सतीशचा सगळा बेत लिहिलेला होता. तिनेही राजीनामा टाकला आणि शारजात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात लागली.

ऑगस्टमध्ये सुदेशचा फोन आला. "मॅडम, दोन माणसं आली होती माळावर. बापाने पकडून दिली."

"आणि अंडं?"

"झटापटीत फुटलं."

तिने फोन ठेवला. मग बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले, आणि पुन्हा धुतले.