हा खटका नाही, हा

मानोऱ्याला एस.टी.तून उतरून सुकेशनीने तांड्याची वाट धरली तेव्हा पिशवीत चार संत्री होती, आणि तिथे जाऊन बोलायचं काय, याचा पत्ता नव्हता. कारंज्याला पिठाच्या चक्क्या विकणाऱ्या दुकानात ती सात वर्षांपासून कामाला. चक्की कशी चालवायची, कशी साफ करायची, हे गिऱ्हाइकांना समजावणं तिच्याकडे. आणि आठवड्यापूर्वी तांड्यावरच्या गोमतीबाईचा उजवा हात चक्कीत गेला होता.

दुकानाचे मालक ऋषिकेशशेठ यांनी दिवाळीत एक व्हिडिओ बनवून घेतला होता. चक्कीवर दोन खटके, एकाखाली एक, दिसायला अगदी सारखे. एक मोटारीचा, एक दिव्याचा. दाणे अडकले की कोणता बंद करायचा, ते त्यात बोट ठेवून दाखवलेलं. आवाज सुकेशनीचा. मोठा फोन असलेल्यांना तो व्हॉट्सॲपवर गेला. बारा गिऱ्हाइकांकडे मात्र बटनाचे फोन. त्यांच्यासाठी तिने तोच व्हिडिओ मेमरी कार्डात भरला आणि कंडक्टरच्या हाती पाकिटं धाडली. आधी स्वतःच्या मोठ्या फोनवर लावून बघितला, लख्ख दिसला. मग बाराही जणांना विचारलं, कार्ड लावलं का? सगळे म्हणाले, लावलं. तिने वहीत बारा खुणा केल्या.

गोमतीबाई अंगणात खाटेवर बसली होती. कोपरापुढे नुसतं पांढरं फडकं.

"ये पोरी. काहून आली एवढ्या लांब?"

"तुमाले पाहाले, मावशी."

"हात त दवाखान्यातच राह्यला माहा. काय पाहशीन आता?"

सुकेशनीने संत्री खाटेवर ठेवली. मग तिने विचारलं, "कार्ड लावलं होतं न मावशी?"

"लावलं त. चारदा. तुहा आवाज पाठ झाला मले. रंजीता, फोन आन वं."

गोमतीबाईच्या सुनेने, रंजीताने, फोन आणून बटन दाबलं. एवढासा पडदा काळाच राहिला. आतून सुकेशनीचाच आवाज आला, गोड, सावकाश: "दाणे अडकले, की आधी हा खटका खाली करा. हा नाही, हा. नीट बघा. मगच झाकण उघडा."

पडदा काळाच.

"चित्र?" सुकेशनीने विचारलं.

"चित्र कुठचं? रेडिओवानी असंन, म्हनलं." गोमतीबाई फडक्यावर बसलेली माशी डाव्या हाताने हाकलत म्हणाली. "त्या दिवशी लाइन गेली. दिवा गेला, चक्की थांबली. तिच्या तोंडात ज्वारी अडकेल होती. तू म्हनली तसा एक खटका खाली केला. हा म्हनजे हाताजवळचा, असं वाटलं मले. झाकन उघडून हात घातला, अन् लाइन आली."

"मी म्हनलं होतं, बाईले इचारा," सासूकडे बोट करत रंजीता म्हणाली. "त आत्या म्हने, शिकेल बाईनं भरून धाडलं, आपल्यालेच समजून नाही राह्यलं."

"मोटारीचा खटका वरचा हाय, मावशी. वरचा."

"वरचा." गोमतीबाई चक्कीच्या खोलीकडे बघत राहिली. "एवढंच होतं का?"

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

रंजीता उठली. देवळीतल्या डबीतून तिने बोटभर शेंदूर घेतला, खोलीत गेली आणि वरच्या खटक्याला फासून आली.

तेवढ्यात शेठचा फोन आला. "वहीत खूण आहे ना तिच्या नावापुढे? मग आपला काही दोष नाही. वही जपून ठेव."

"आहे," सुकेशनी म्हणाली. फोन ठेवून तिने पेन काढलं आणि बाराही खुणा खोडल्या. मग ओट्यावर बसून उरलेल्या अकरा जणांना एकेक करून फोन लावला. तुमच्या फोनवर कार्डातला नुसता आवाज येतो, त्यावर जाऊ नका. मोटारीचा खटका वरचा. त्याला शेंदूर लावा, नाहीतर नीळ, घरात असेल ते लावा.

दहा जणांनी उचलला. रिठदच्या ग्यानबाचा नुसता वाजत राहिला. पाच वेळा लावला, पाचही वेळा वाजून बंद.

"मी निघतो मावशी. रिठदले जा लागते."

"जा. उशीर नको करू."

ती वळली तेव्हा गोमतीबाईने एक संत्रं मांडीवर घेतलं होतं. डाव्या अंगठ्याचं नख सालीत रुतवायला ती गेली, आणि संत्रं घरंगळून खाटेखाली पडलं. सोलायला दोन हात लागतात, हे संत्री विकत घेताना सुकेशनीच्या ध्यानातच आलं नव्हतं.