गुलाबी भस्म

बायोडेटात रुद्रेशच्या नावापुढं ‘लेझर इंजिनिअर’ असं छापलं होतं. ही करामत त्याच्या मन्मथमामांची. खरं तर रुद्रेश लातुरात कलर प्रिंटर दुरुस्त करायचा, आणि हा बायोडेटा ज्या प्रिंटरवर निघाला तोही त्यानंच दुरुस्त केलेला. आजवर तीन स्थळं हातची गेली होती. औशाची मंजुश्री तर फोटोतच मनात भरलेली, म्हणून तोही तोंड मिटून बसला. लग्न ठरवताना भलेभले भित्रे होतात, हा तर मुळातच भित्रा.

नेमका मुलगी बघायला जायच्या सकाळी एका फोटोवाल्याचा प्रिंटर अडला. रुद्रेशनं तो उघडला, गुलाबी रंगाच्या भुकटीनं बोटं माखली, ती चिंधीला पुसली न पुसली आणि मामांसोबत औशाची एसटी पकडली. दारात मुलीच्या वडिलांनी, गुरुपादप्पांनी, रीतीप्रमाणं भस्माची डबी पुढं केली. रुद्रेशनं तीन बोटं ओली करून भस्मात टेकवली आणि कपाळावर ओढली.

गुरुपादप्पा बघतच राहिले. “डबीत तर पांढरं हाय. तुमच्या कपाळावर गुलाबी कसं झालं?”

“तेज हाय पोराचं,” मामा म्हणाले.

मुलीची आई महादेवीबाई गरम पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. “घ्या, धुवून टाका.”

“गरम नको आई,” आतून आवाज आला. “टोनर हाय ते, प्रिंटरची रंगाची भुकटी. गरमानं जास्तच चिकटतंय.”

मंजुश्री कोरडं फडकं आणि गार पाणी घेऊन बाहेर आली. ती सेवा केंद्रात कामाला होती, तिथला कलर प्रिंटर तीच सांभाळायची.

“इंजिनिअर माणूस टोनर कशाला चिवडतोय?” गुरुपादप्पांनी विचारलं.

मामांनी तोंड उघडलं, पण रुद्रेशला आता मनापासून लाज वाटली होती. “इंजिनिअर न्हाई काका. प्रिंटर दुरुस्त करतो. हे बी स्थळ जाईल म्हणून गप बसलो.”

गुरुपादप्पा भस्माची डबी मिटत म्हणाले, “त्या प्रिंटरच्या डब्यात चालतंय तरी काय?”

मग रुद्रेशला जीभ फुटली. “आत ड्रम असतोय. लेझर त्याच्यावर विजेचं चित्र काढतोय, डोळ्याला न दिसणारं. रंगाच्या भुकटीत लोखंडाचे बारीक दाणे असतेत. दोघं घासले की भुकटीत वीज भरती न् ती दाण्यांना चिकटती. चुंबकाचा रोलर दाण्यांना ड्रमपाशी नेतोय, तिथं भुकटी दाणे सोडून चित्रावर जाऊन बसती. चारी रंगांचं असंच. मग कागदावर उतरवून तापवायचं.”

“आन् दाणे?” मंजुश्रीनं विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं.

“त्यांचं काम भुकटीला तिथवर आणून सोडायचं. ते चित्रावर बसत न्हाईत, माघारी फिरतेत.”

मंजुश्रीनं मामांकडं पाहिलं. मग गुरुपादप्पांनी पाहिलं, मग महादेवीबाईंनी. मामा टोपी सारखी करू लागले.

“चला पाहुणे,” गुरुपादप्पा उठले, “आपण आत चहा घेऊ.”

दोघंच उरल्यावर मंजुश्रीनं फडकं त्याच्या हाती दिलं. “बायोडेटात आणखी काय खोटं हाय?”

रुद्रेशनं आठवून पाहिलं. “उंची. दोन इंच.”

“ते दारातच दिसलं,” ती म्हणाली आणि गार पाण्याचा तांब्या त्याच्या हातावर धरला.