गोठ्यातलं घड्याळ

हवामान कार्यालयातल्या रडारच्या पडद्यावर पाच वादळं होती. तीन विरत चाललेली, एक राज्याची हद्द ओलांडून गेलेलं आणि एक टॉलिव्हर काउंटीवर. त्याच्या दक्षिण टोकाला लाल आणि हिरवे ठिपके एकमेकांना चिकटले होते. भिंतीवरच्या फळ्यावर यंदा फुकट गेलेल्या इशाऱ्यांचा आकडा होता, सात. टेबलावर कागदी पेला. वर्लिनने चघळून थुंकलेल्या सूर्यफुलाच्या टरफलांनी तो अर्ध्याच्या वर भरला होता.

मरेनने पेल्याकडे बघायचं टाळलं. "वारा गरगर फिरतोय, वर्लिन. आर्डेल गावापासून आठ मैलांवर. टोर्नेडोचा इशारा देऊ या."

"रडार रोजच काहीतरी फिरवतं." या खुर्चीत त्याची चोवीस वर्षं गेली होती. "ऑरिनचा फोन येऊ दे. त्याने डोळ्यांनी बघितलं की देऊ. का फळ्यावर आठचा आकडा लिहायची हौस आहे?"

ऑरिन विबे हा गावाबाहेरचा गवळी; घरी तो आणि बायको लव्हिना. आभाळ काळवंडलं की धारा अर्ध्यावर सोडून तो ट्रक टेकडीवर नेई आणि दिसेल ते कळवी. पाच-एकोणचाळीसला त्याचा फोन आला. मरेनने तो स्पीकरवर घेतला.

"टेकडीवर पोचताच येईना, पोरी. त्रेचाळीस गाड्या आडव्या आहेत, मोजल्यात मी. वादळाची मजा बघायला आलेत. एक जण खुर्ची टाकून सँडविच खातोय. मलाच म्हणतो, काका, जरा कॅमेऱ्यासमोरून हला."

"काही दिसतंय का?"

"पाऊस. त्याच्यामागचं कसं दिसणार? लव्हिना घरी एकटी आहे. तिला तळघरात जायला सांगू?"

मरेनने वर्लिनकडे पाहिलं. त्याने मान हलवून नकार दिला आणि पेल्यात थुंकला.

"सांगा," ती हळू आवाजात म्हणाली.

इशाऱ्याची कळ तिच्याही टेबलावर होती. तिने ती दाबली नाही.

उडालेल्या पत्र्यांचे ठिपके पडद्यावर उमटले तेव्हा वर्लिन म्हणाला, "आता दे." पाच-सत्तेचाळीस झाले होते.

दुसऱ्या दिवशी दोघं नुकसान मोजायला गेले. विबेंच्या गोठ्यात एकतीस गाई मेल्या होत्या, पोटं फुगलेली, माश्या घोंघावत होत्या. लव्हिना वाचली होती. पलीकडच्या घरात कुणी फोन केला नव्हता. तिथला म्हातारा छपराखाली मेलेला सापडला.

"लव्हिनाने तुझे आभार मानायला सांगितलेत," ऑरिन म्हणाला. मरेन वळून पुन्हा गोठ्यात गेली.

गोठ्यातलं विजेचं घड्याळ पाच-त्रेचाळीसवर थांबलं होतं. वीज कंपनीच्या नोंदीतही वीज गेल्याची तीच वेळ होती.

"गोठा हिशेबात कशाला धरतेस?" वर्लिनने गाईशेजारीच टरफल थुंकलं. "गुरांसाठी कोण इशारा देतं? गावातलं पहिलं छप्पर पाच-एक्कावन्नला उडालं. म्हणजे चार मिनिटं आधी होतो आपण. तेवढंच लिही."

मरेनने फॉर्म ट्रकच्या बॉनेटवर ठेवला आणि भरायला घेतला.

मार्गाची लांबी: सहा मैल. रुंदी: तीनशे चाळीस यार्ड. पहिलं नुकसान: ५:४३. इशारा: ५:४७. आगाऊ मिळालेला वेळ: उणे चार मिनिटं.