लेबलाचा डिंक

पहिल्या खेपेच्या बाटल्या गळल्या आणि मी भाऊजींवर तुटून पडले.

मी फरशी पुसायचं लिक्विड बनवते, माझे दीर भांड्यांचा साबण. धंदा वेगळा झाल्यापासून आमचं बोलणं म्हणजे नुसता नमस्कार-चमत्कार. अशा दोघांना दाणेवालीने एका टेबलाशी बसवलं. ती जुनं प्लास्टिक वितळवून दाणा करते आणि दाण्याच्या नव्या बाटल्या. तिचं म्हणणं सरळ होतं: दोघांनी एकच बाटली वापरा, दुकानांतून रिकाम्या परत आणा, मी त्यांच्याच पुन्हा बाटल्या करते. कचऱ्यात एकही जायला नको. एकट्याच्या मालावर तिचं मशीन चालणार नव्हतं.

"आता शनिवारच्या नव्या खेपेच्या बाटल्याही गळल्या तर मशीन विकून मोकळी होते," ती म्हणाली.

"भाऊजींनीच वितळवायच्या प्लास्टिकात काहीतरी भलतंसलतं मिसळलंय," मी म्हणाले. "जुनी खोड आहे यांची."

भाऊजी गप्प. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या कारखान्यात गेले, पुरावा गोळा करायला! तिने गळकी बाटली उजेडात धरली. प्लास्टिकमध्ये काळे कण, कणाशेजारी सुईएवढं भोक. कण नखाने कोरला तर जळका कागद. भाऊजींचं लेबल प्लास्टिकचं. कागदाचं होतं माझं. "बाटली फुटेल, पण लेबल निघणार नाही," असं मी दुकानदारांना मिरवत सांगायचे. धुताना ते निघालंच नाही, बाटलीबरोबर भट्टीत गेलं. अगं बाई! लाजेने मेल्यासारखं झालं, आणि राग आला तो स्वतःचाच.

तशीच भाऊजींकडे गेले. "चूक माझी. माझ्या डिंकाची."

"माहीत आहे, वहिनी. एकत्र होतो तेव्हा तो डिंक मीच शिजवला होता. कण पाहिले आणि ओळखलं."

"मग माझी बोलणी का खाल्लीत?"

"तिच्यासमोर बोललो असतो तर तुम्ही तरातरा उठून गेला असता. मग मशीन कशावर चालणार?"

खरंच गेले असते. तेच तर झोंबलं.

शनिवारच्या खेपेसाठी माझ्या सहाशे रिकाम्या बाटल्या दुकानांतून परत आल्या होत्या. डिंक कशानेच सुटेना, म्हणून लेबलासकट तेवढा तुकडा कापायचा ठरवला. माझे सहा कामगार, भाऊजींचे चार आणि कात्री घेऊन मी. बोटांना फोड आले.

"राहू द्या, वहिनी."

"गप्प बसा. तेवढं तर छान जमतं तुम्हाला!"

कापलेले तुकडे पोत्यांत भरून माझ्याच दारात ठेवलेत. त्यांचं काय करायचं ते मीच बघणार.

शनिवारी दाणेवालीने नव्या वीस बाटल्यांत पाणी भरून त्या वर्तमानपत्रावर उलट्या ठेवल्या. दुपारभर कुणाला जेवण सुचलं नाही. संध्याकाळी तिने कागद चाचपला, पुन्हा चाचपला. कोरडा होता. ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

मी उभी राहिले. "त्या दिवशी मी भाऊजींवर खोटा आळ घेतला. लेबल माझं होतं." सगळ्या कामगारांसमोर बोलले, एका दमात.

दाणेवालीने डोळे पुसले. "बरं, आधी कुणाच्या भरायच्या?"

"यांच्या. माझं पाण्यात सुटणारं लेबल यायला आठवडा आहे."

"मग आठवडाभर थांबू," भाऊजी म्हणाले. "दोघांच्या बरोबरच जाऊ देत."